वाइल्ड नेफिन राष्ट्रीय उद्यान, मेयो (आयर्लंड): जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिनमध्ये किंवा लंडनमध्ये राहणारी आपली मंडळी सुट्टीत 'काहीतरी हटके' शोधताना या उद्यानाच्या नावापर्यंत येऊन थांबतात. पुढे काय करायचं ते कळत नाही, कारण फोटोंत बहुतेक तपकिरी माळ आणि ढग दिसतात. त्यांच्याकडून आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांकडून जे प्रश्न येतात, त्यांची ही उत्तरं.

हे उद्यान नक्की कुठे आहे?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी मेयोच्या वायव्य भागात. पश्चिमेला अकिल बेट आणि अटलांटिक, पूर्वेला नेफिन बेग डोंगररांग, आणि या दोहोंच्या मध्ये मैलोन्‌मैल ओला माळ. १९९८ साली हे आयर्लंडचं सहावं राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा क्षेत्र सुमारे ११,००० हेक्टर होतं. नंतर पूर्वेकडची सरकारी वनजमीन जोडली गेली आणि आता ते सुमारे १५,००० हेक्टर आहे.

काही ठिकाणी 'बॅलीक्रॉय राष्ट्रीय उद्यान' असं लिहिलेलं आहे. ते वेगळं का?

नाही, तेच. बॅलीक्रॉय हे पश्चिम बाजूचं गाव. सुरुवातीला उद्यान त्याच्याच नावाने ओळखलं जायचं, जुन्या नकाशांवर आणि पुस्तकांत तेच नाव सापडेल.

मग नेफिन शिखर उद्यानात असेल ना?

गंमत म्हणजे, नाही. ८०६ मीटर उंचीचा नेफिन हा एकटा, शंकूसारखा डोंगर उद्यानाच्या बाहेर पूर्वेला आहे. उद्यानात आहे ती 'नेफिन बेग' रांग. त्यात स्लीव्ह कार (७२१ मीटर), कोरानाबिनिया, ग्लेनामाँग आणि स्वतः नेफिन बेग (६२७ मीटर) ही प्रमुख शिखरं. नेफिन चढायला आलेला माणूस उद्यानाच्या पार्किंगमध्ये उभा राहून डोंगर शोधतोय, असं अधूनमधून होतं.

तिकीट किती? गेट किती वाजता उघडतं?

तिकीट नाही आणि गेटही नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानांत शिरायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडच्या व्याघ्र प्रकल्पासारखी सफारी, जिप्सी, गाइड, सकाळची पाळी-दुपारची पाळी असलं काही इथे नाही. बॅलीक्रॉय गावात एक छान माहिती केंद्र आहे, तेही मोफत. त्यात बॉगवरचं (इथल्या ओल्या माळाला बॉग म्हणतात) प्रदर्शन, कॅफे, स्वच्छतागृह आणि मागे चालायची एक छोटी फेरी आहे. मात्र केंद्राच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात आणि हिवाळ्यात ते बंद असू शकतं, म्हणून निघण्याआधी राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव सेवेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. केंद्र बंद असलं तरी उद्यान बंद नसतं. फक्त स्वच्छतागृहाचा प्रश्न उभा राहतो, आणि इथे आडोशाला झाडंही नाहीत.

बॉग म्हणजे दलदलच ना? ती बघायला इतक्या लांब का जायचं?

हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर पटलं नाही तर खुशाल दुसरीकडे जा. आयर्लंडमध्ये सोप्या सुंदर जागा भरपूर आहेत.

दलदल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चिखल येतो. बॉगमध्ये चिखल जवळजवळ नसतो. असतं ते पाणी आणि न कुजलेली झाडं. इथल्या जमिनीत पाण्याचा निचरा होत नाही, हवा थंड आणि पाणी आम्लधर्मी, त्यामुळे मेलेलं गवत, शेवाळ, मुळं पूर्ण कुजतच नाहीत. एका थरावर दुसरा थर साचत जातो. त्या साठलेल्या थराला पीट म्हणतात. त्याची वाढ साधारण वर्षाला एक मिलिमीटर, म्हणजे चार मीटर खोल पीटवर उभे असाल तर पायाखाली चारेक हजार वर्षं आहेत. ओल्या पीटच्या वजनातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो, म्हणून माळावर पाय आपटला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हादरा जाणवतो. एकदा आपटून बघाच.

आयर्लंडच्या मध्यभागातले बॉग जुन्या तळ्यांच्या खळग्यांत तयार झाले. पश्चिमेकडचे तसे नाहीत. इथे पाऊसच इतका सतत पडतो की खळग्याची गरजच उरली नाही. डोंगरउतारांवर ओली गोधडी टाकावी तसा पीट सगळीकडे पसरला. अशा बॉगला साधारण दोन गोष्टी लागतात: वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो सव्वादोनशेहून जास्त दिवसांत वाटलेला. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो आणि मग जमीन वाळते. मेयोत ती कधीच वाळत नाही.

आता लांब का जायचं ते. असे बॉग एकेकाळी पश्चिम आयर्लंडभर होते. लोकांनी घरातल्या शेगडीसाठी ते कापले, सरकारने विजेसाठी कापले, चर खणून त्यांवर परदेशी सूचिपर्णी झाडं लावली, मेंढ्या मर्यादेबाहेर सोडल्या. उद्यानाच्या ईशान्येला बेलाकोरिक इथे १९६२ पासून २००५ पर्यंत पीट जाळून वीज बनवायचं केंद्र होतं, आणि आजूबाजूचे माळ त्यासाठी यंत्रांनी खरवडले गेले. या सगळ्यातून ओवेनडफ नदीच्या खोऱ्यातला बॉग बऱ्याच अंशी वाचला. अजून जिवंत असलेल्या, म्हणजे ज्यात पीट आजही बनतो आहे, अशा पश्चिम युरोपातल्या शेवटच्या मोठ्या बॉगांपैकी तो एक आहे. डोंगर युरोपात पुष्कळ आहेत. हे खोरं दुसरं मिळायचं नाही.

बरं, पण तिथे 'बघायचं' काय? पॉइंट कोणते?

पॉइंट नाहीत. सनसेट पॉइंट, एको पॉइंट या हिशोबाने आलात तर अर्ध्या तासात कंटाळाल. माझा सल्ला असा, की मान वर करून डोंगर शोधण्याआधी गुडघ्यावर बसा आणि एक हात चौरस जागा नीट बघा.

तळाशी स्फॅग्नम नावाचं शेवाळ दिसेल. हिरवं, पिवळट, वाइनसारखं लाल, अशा कितीतरी रंगांचं. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते धरून ठेवतं आणि सगळा बॉग मुख्यतः त्याच्या जिवावर उभा आहे. त्यात मधूनमधून चकाकणारे लाल ठिपके दिसले तर जवळ जा: ते दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा. साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसणाऱ्या कीटकभक्षी दवबिंदूंच्याच कुळातलं. कारणही तेच. कासच्या कातळावरच्या पातळ मातीत नत्र नाही आणि इथल्या पीटमध्येही नाही, म्हणून दोन्हीकडे झाडांनी किडे धरायला सुरुवात केली. सोबत बटरवर्ट ही दुसरी कीटकभक्षी वनस्पतीही असते, चिकट पिवळसर पानं जमिनीला चिकटलेली. कास बघितलेल्या माणसाला इथे आपोआप नजर मिळते, हा मराठी पर्यटकाचा फायदा.

मे-जूनमध्ये माळभर पांढरे पुंजके डोलतात, ते बॉग-कॉटन. नावात कापूस असला तरी ते लव्हाळ्याच्या कुळातलं गवत. जुलैत बॉग-अ‍ॅस्फोडेलची पिवळी फुलं, ऑगस्टमध्ये हेदर या खुरट्या झुडपाचा जांभळा. मलरॅनी आणि क्लॅगनच्या किनाऱ्याकडे एक वेगळा हेदर आहे, जो मुख्यतः स्पेन-पोर्तुगालकडे वाढतो आणि आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सापडतो. तो वसंतात फुलतो, बाकीचे हेदर झोपलेले असताना.

प्राणी-पक्षी आहेत, पण दर्शनाची हमी नाही. आयरिश ससा, कोल्हा, पाणमांजर, बहिरी ससाणा, लाल ग्राउस, गोल्डन प्लव्हर. हिवाळ्यात ग्रीनलंडहून पांढऱ्या कपाळाचे हंस येतात. ओवेनडफमध्ये सॅमन आणि सी-ट्राउट आहेत. मासेमारीला परवाना लागतो आणि हक्क बहुधा खासगी असतात, त्यामुळे गळ घेऊन सरळ नदीवर जाऊ नका.

कधी जावं?

मे-जून मला सर्वांत आवडतो. दिवस लांब, संध्याकाळी दहापर्यंत उजेड, बॉग-कॉटन फुललेलं आणि पाऊस त्यातल्या त्यात कमी. जुलै-ऑगस्ट उबदार, पण चिलटं सोबतीला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळा माळ तांबूस सोनेरी होतो. फोटो काढणाऱ्यांनी तेव्हा यावं. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो, वारा उभं राहू देत नाही. रात्रीच्या आकाशासाठी येणार असाल तरच तो काळ निवडा.

आम्ही कोकणातले. पाऊस आमच्या सवयीचा. तरी काळजी करायची?

करायची. आपला पाऊस कोमट असतो. भिजलं तरी मजा येते. इथला पाऊस आडवा येतो, सोबत वारा असतो आणि तापमान जूनमध्येही दहा-बारा अंशांवर येऊ शकतं. भिजलेली जीन्स आणि वारा या जोडीने माणूस तासाभरात थरथरायला लागतो. छत्री आणू नका, ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होईल. चांगलं जलरोधक जॅकेट, तशीच पँट, आत लोकर किंवा फ्लीस, आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड. कॉटनचे कपडे हॉटेलातच ठेवा.

पोचायचं कसं? गाडी नसेल तर?

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टला थेट रेल्वे आहे, सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. वेस्टपोर्टहून न्यूपोर्ट १२ किलोमीटर, पुढे मलरॅनी, आणि मलरॅनीहून उत्तरेला एन-५९ रस्त्याने बॅलीक्रॉय. विमानाने यायचं तर जवळचा विमानतळ नॉक इथला.

वेस्टपोर्टनंतर गाडी हवीच. मलरॅनीपर्यंत बस मिळते, पण बॅलीक्रॉय आणि विशेषतः उद्यानाच्या पूर्व बाजूच्या लेटरकीनसाठी सोयीची बस गृहीत धरू नका. गाडी डाव्या बाजूने चालवायची असते, त्यामुळे आपल्याला अवघड जात नाही. अवघड जातात ते अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंच्या दगडी कडा आणि वळणावर निवांत बसलेल्या मेंढ्या. मेंढी हॉर्नला दाद देत नाही, थांबावं लागतं. पेट्रोल न्यूपोर्ट किंवा बँगॉर एरिसला भरून घ्या.

गाडी नसलेल्यांसाठी एक चांगला पर्याय: वेस्टपोर्ट ते अकिल ही ४२ किलोमीटरची ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे. १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची ही सायकलवाट न्यूपोर्ट आणि मलरॅनीतून जाते. ती उद्यानात शिरत नाही, पण नेफिन बेगच्या पायथ्याचा प्रदेश दिसतो आणि सायकली भाड्याने सहज मिळतात.

मोबाइलच्या नकाशावर उद्यानाचं नाव टाकलं तर बरोबर नेईल का?

बहुधा नाही. उद्यानाच्या मधून रस्ताच जात नाही. उद्यानाला दोन तोंडं आहेत: पश्चिमेला एन-५९ वरचं बॅलीक्रॉय आणि पूर्वेला जंगलातलं लेटरकीन. नकाशावर ती शेजारी वाटतात, पण गाडीने एकीकडून दुसरीकडे जायचं तर मलरॅनी आणि न्यूपोर्टवरून मोठा वळसा पडतो. म्हणून उद्यानाचं नाव न टाकता 'बॅलीक्रॉय व्हिजिटर सेंटर' किंवा 'लेटरकीन, ब्रोगन कॅरल बॉदी' (बॉदी म्हणजे चालणाऱ्यांसाठीची साधी झोपडी) असं नेमकं टाका. आणि नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. रेंज येते-जाते, डोंगरात बहुतेक जातेच.

एकच दिवस आहे. काय करावं?

सकाळी बॅलीक्रॉयचं माहिती केंद्र, मागची छोटी फेरी, तिथेच सूप आणि सोडा ब्रेड. दुपारी क्लॅगन माउंटन कोस्टल ट्रेल. परतताना मलरॅनीला थांबून किनारा बघा. गावामागच्या डोंगरावर जुन्या आयरिश जातीच्या लांब केसांच्या रानटी बकऱ्यांचा कळप आहे, नशीब असेल तर दिसेल. लेटरकीन त्याच दिवसात कोंबू नका. दोन्हीकडे धावत जाऊन दोन्हींचे पार्किंग तेवढे बघून होतील.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. मुलं लहान आहेत. जमेल का?

क्लॅगनची वाट त्यांच्यासाठीच आहे असं समजा. एन-५९ च्या कडेला, किनाऱ्याच्या बॉगवर लाकडी फळ्यांची सुमारे दोन किलोमीटरची वाट आहे. चढ जवळजवळ नाही, बूट भिजत नाहीत, एका बाजूला समुद्राची खाडी आणि अकिल, दुसऱ्या बाजूला डोंगर. पाऊस पडून गेल्यावर फळ्या निसरड्या होतात, तेवढं सांभाळा. मुलांना फळ्यांवर पालथं झोपून दवबिंदूंनी पकडलेले किडे मोजायला सांगा, बराच वेळ शांततेत जातो.

आम्ही सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. स्लीव्ह कार सात-आठशे मीटरचाच, सहज होईल ना?

उंचीवर जाऊ नका. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, पण तिला पायऱ्या आहेत, शिड्या आहेत, वाटेत लिंबूपाणीवाले आहेत आणि रविवारी हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही. स्लीव्ह कार हा रस्त्यापासून सर्वांत लांब असलेला, आयर्लंडमधला सर्वांत दुर्गम डोंगर म्हणून ओळखला जातो. त्याच्या पायथ्याशी पोचायलाच अर्धा दिवस जातो, आणि तिथून पुढे मळलेली वाट नाही.

सह्याद्रीत आपली सवय असते कातळाची. पाय टाकला की टिकतो, आणि धार, सोंड, खिंड अशी डोंगराची रचना वाट सांगत राहते. बॉगवर यातलं काही कामाला येत नाही. सगळीकडे सारखंच दिसतं. मध्येच पीट खचून माणसापेक्षा खोल काळ्या घळी झालेल्या असतात, त्यांत उतरा, चढा, पुन्हा उतरा. ताशी चार किलोमीटरचा हिशोब करून आलेला माणूस इथे ताशी दोनने चालतो. ढग खाली आला की शिखर, दरी, दिशा सगळं एका क्षणात जातं. मोबाइलवर भिस्त ठेवणाऱ्यांची इथेच फजिती होते. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. कागदी नकाशा (डिस्कव्हरी मालिकेतला क्रमांक २३) आणि होकायंत्र, आणि ते वापरता येणारा एक तरी माणूस गटात हवा.

पाय कुठे टाकावा याचे साधे नियम आहेत. हेदर किंवा गवताचे उंच पुंजके असतील तिथे टाका. एकदम पोपटी, मऊ, गालिच्यासारखं हिरवं दिसेल तिथे अजिबात नको. ते पाण्यावर तरंगणारं शेवाळ असतं आणि मांडीपर्यंत पाय जातो. पावसानंतर ओढे तासाभरात फुगतात. सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही.

हे वाचूनही जावंसं वाटत असेल तर जरूर जा. पण आधी एक दिवस लेटरकीनच्या आखलेल्या वाटा करा. ब्रोगन कॅरल बॉदीपासून खुणा केलेल्या फेऱ्या निघतात, सुमारे सहा किलोमीटरपासून बाराच्या आसपास. त्यातली लांब फेरी करून संध्याकाळी पाय काय म्हणतात ते बघा आणि मग ठरवा.

बँगॉर ट्रेल म्हणजे काय?

न्यूपोर्टकडून बँगॉर एरिसपर्यंत डोंगरांच्या कडेने जाणारी, सुमारे ४० किलोमीटरची जुनी वाट. रस्ते होण्याआधी उत्तरेकडच्या एरिस भागातले लोक याच वाटेने गुरं बाजारात हाकत न्यायचे. बहुतेक जण लेटरकीनपासून पुढचा भाग चालतात, त्याला पूर्ण लांब दिवस लागतो. महत्त्वाची गोष्ट ही की मध्ये कुठेही रस्ता नाही. अर्ध्यावर कंटाळा आला, गुडघा दुखला, पाऊस वाढला, तरी पुढे जा किंवा मागे या, तिसरा पर्याय नाही. वाटेवर पडक्या घरांच्या भिंती आणि उतारांवर जुन्या बटाट्याच्या वाफ्यांचे उंचवटे दिसतात. १८४५ नंतरच्या दुष्काळात मेयोने फार माणसं गमावली, काही मेली, काही जहाजांनी गेली. आज 'निर्मनुष्य निसर्ग' म्हणून ज्याचे फोटो निघतात, तो सगळाच नेहमी निर्मनुष्य नव्हता.

हा विषय ज्यांना ओढतो त्यांनी उत्तर किनाऱ्यावरच्या केडे फील्ड्सला जरूर जावं. तिथे बॉगच्या खाली पाच हजार वर्षांहून जुन्या शेतांच्या दगडी बांधांचं जाळं सापडलं आहे. पीट कापताना खोलवर लागणारे दगड एका रांगेत आहेत, हे १९३० च्या दशकात गावातले शाळामास्तर पॅट्रिक कॉलफिल्ड यांच्या लक्षात आलं, आणि पुढे त्यांचा मुलगा शेमस यांनी पुरातत्त्वज्ञ होऊन ते शोधून काढलं. बॉगने शेती गिळली, आणि गिळली म्हणूनच ती टिकली.

उद्यानाच्या पूर्वेकडे एवढी पाइनची झाडं कशी? ती मूळची आहेत का?

नाहीत. सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन, दोन्ही उत्तर अमेरिकेतली, लाकडासाठी लावलेली. बॉगवर ती नीट वाढतही नाहीत. आता हा भाग हळूहळू रानाकडे परत न्यायचं काम चालू आहे. दुसरी डोकेदुखी म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. जूनमध्ये जांभळा फुलोरा इतका देखणा दिसतो की लोक कौतुकाने फोटो काढतात, पण त्याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही आणि तो काढून टाकण्यात वर्षानुवर्षं जातात. आपल्याकडे घाणेरी सुंदर फुलते, तसलंच प्रकरण.

राहायचं कुठे? तंबू लावता येतो का?

उद्यानात हॉटेल नाही. मलरॅनी, न्यूपोर्ट, बँगॉर एरिस इथे घरगुती बी-अँड-बी आणि लहान हॉटेलं आहेत. वेस्टपोर्टला भरपूर, पण उन्हाळ्यात महाग आणि भरलेली. लेटरकीनच्या परिसरात चालणाऱ्यांसाठी एका बाजूने उघडे लाकडी निवारे आहेत. तंबू लावायचा असेल तर उद्यानाचे चालू नियम आधी विचारून घ्या. शेकोटी मात्र कुठेच नाही. पाण्याने भरलेला बॉग पेटतो यावर विश्वास बसत नाही, पण कोरड्या वसंतात वरचं सुकं गवत भराभर पेटतं आणि आग पीटमध्ये उतरली तर विझवणं फार जड जातं.

रात्रीच्या आकाशाबद्दल खूप ऐकलंय. खरंच इतकं आहे?

खरंच आहे. २०१६ मध्ये या भागाला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा सुवर्ण दर्जा मिळाला, आयर्लंडमधला असा हा पहिला. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तोच हा प्रकार. आकाश मोकळं असेल तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. अट एकच: 'आकाश मोकळं असेल तर'. मेयोत ती पूर्ण होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, म्हणून फक्त ताऱ्यांसाठी एका रात्रीची सहल आखू नका. जूनमध्ये तर रात्र नीट काळी होतच नाही. ऑक्टोबर ते मार्च, अमावास्येच्या आसपास, दोन-तीन रात्री हाताशी ठेवून या. क्लॅगनची लाकडी वाट, बॅलीक्रॉयचं केंद्र आणि लेटरकीनची बॉदी या पाहायच्या ठरलेल्या जागा. टॉर्च लाल प्रकाशाचा आणा. पांढरा टॉर्च लावलात तर शेजारच्यांचे डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात आणि शिव्या मराठीत नसल्या तरी कळतात.

साप, विंचू, जळवा?

आयर्लंडमध्ये रानात साप नाहीत. इथली भीती आकाराने लहान आहे. मिज नावाची चिलटं मे ते सप्टेंबर, वारा पडलेल्या सकाळी-संध्याकाळी ढगासारखी येतात. वारा असला की ती नसतात, म्हणून इथे वाऱ्याला नावं ठेवू नये. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी स्वस्तात मिळते. दुसरी गोचीड: उंच गवतात आणि नेच्यांत असते आणि तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी अंग तपासा, चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल, तंबाखू, काडी असले गावठी उपाय नकोत. नंतरच्या दिवसांत लाल गोल चट्टा पसरताना दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याचं सांगा.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण निवडही फार नाही. सूप, सोडा ब्रेड, चीज, बटाटे, स्कोन. भाजीच्या सुपात कधीकधी चिकनचं पाणी असतं, म्हणून विचारून घ्या. चाउडर म्हणजे मासेच. भारतीय जेवण वेस्टपोर्ट-कॅसलबारकडे मिळेल. चालण्याच्या दिवशी डबा सोबत ठेवा, उद्यानात टपरी नाही.

भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, श्रीखंड, साजूक तूप विमानतळावर जप्त होतं. चिवडा, चकली, तेलातले थेपले, लोणचं यांना सहसा हरकत नसते. तूप इथल्या लोण्याचं कढवा, ते लोणी उत्तम आहे.

शेंगेन व्हिसा आहे. चालेल ना?

नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर वेगळा आयरिश व्हिसा लागतो. ब्रिटनचा अल्पकालीन व्हिसा 'ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजने'खाली दिलेला असेल तर त्यावर आयर्लंडला येता येतं, मात्र आधी ब्रिटनमध्ये उतरावं लागतं. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. सीमेवर चौकी दिसत नाही म्हणून व्हिसा लागत नाही असं समजू नका. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आयरिश इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर खात्री करा.

इतक्या आडगावात परक्या माणसाकडे कसं बघतात?

समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल. तो नमस्कार आहे, तुम्हीही उचला. पबमध्ये बसलात तर कुठून आलात हे विचारलं जाणारच. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. हा विषय तुम्ही काढलात तर पुढचा तासभर राजकारण ऐकायची तयारी ठेवा. शेतातून जाताना फाटक जसं होतं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उद्यानाबाहेरची जमीन खासगी आहे आणि इथे कुणाच्याही रानातून फिरायचा कायदेशीर हक्क नाही. कुत्रा असेल तर पट्ट्याला बांधून न्या, मेंढ्यांवरून फार भांडणं होतात. ड्रोन उडवायला परवानगी लागते.

डोंगरात अडकलो तर?

११२ किंवा ९९९ ला फोन करा आणि 'माउंटन रेस्क्यू' मागा. मेयोची बचाव तुकडी स्वयंसेवकांची आहे, म्हणजे कुणीतरी आपलं काम टाकून किंवा झोपेतून उठून तुमच्यासाठी निघतं, आणि लेटरकीनच्या पलीकडे पोचायला त्यांनाही काही तास लागू शकतात. तोवर गरम राहायची तयारी तुमच्या सॅकमध्ये हवी: शिट्टी, टॉर्च, जास्तीचं फ्लीस, अंगाभोवती गुंडाळायची प्लास्टिकची मोठी पिशवी, खाऊ. निघताना कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे मुक्कामाच्या घरमालकिणीला सांगून जा. परतल्यावर तिला तसं कळवाही.